सावलीची कड कोणती? जयसिंहाच्या वेधशाळेची एक चिकित्सा

या मालेत आजवर आम्ही बहुतेक वेळा एखादा ग्रंथ समोर ठेवून बोललो. आज एक वास्तू घेतली आहे, जयपूरचे जंतर मंतर. वास्तूची कसली चिकित्सा करता, असे कुणी विचारील. पण ही वास्तू काहीतरी ठाम म्हणते आहे. आकाशातली गोष्ट नेमकी कशी मोजावी, याबद्दलचे ते म्हणणे आहे. आणि जिथे काही म्हटले आहे तिथे ते कितपत टिकते हे तपासता येते. तेवढेच आज करायचे आहे.

सुरुवातीला एक कबुली देऊन टाकतो. आम्ही सुमारे तीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. ज्ञानमीमांसेच्या तासाला, विशेषतः दुपारी वर्ग पेंगायला लागला की, जंतर मंतरचा दाखला हमखास काढायचो. ‘अठराव्या शतकात आपल्याकडे दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवणारे यंत्र दगडात बांधले होते, बरं का!’ वर्ग खडबडून जागा व्हायचा. आम्हालाही बरे वाटायचे.

मग एका जानेवारीत विद्यार्थ्यांची सहल घेऊन जयपूरला गेलो. बारा वाजायला आले होते. बृहत् सम्राट यंत्रापाशी गाइडने तेच वाक्य म्हटले, जवळजवळ आमच्याच शब्दांत. सगळ्यांनी फोटो काढले. एक मुलगी मात्र खाली बसली, सावलीपाशी बोट नेले आणि म्हणाली, “सर, यातली कड कोणती धरायची?”

आम्ही वाकून पाहिले. कड नव्हतीच. गडद सावली हळूहळू फिकी होत उन्हात विरघळत होती. गडद कुठे संपते आणि ऊन कुठे सुरू होते हे सांगणे अशक्य होते. मधला संदिग्ध पट्टा चांगला सहा-सात बोटे रुंद होता. आणि त्या पट्ट्याखालच्या दगडावर दोन-दोन सेकंदांच्या खुणा शिस्तीत कोरलेल्या होत्या. तीस वर्षे जे वाक्य सांगितले, ते आम्ही एकदाही तपासले नव्हते. आजचे व्याख्यान त्या मुलीच्या प्रश्नाचे, उशिरा दिलेले, उत्तर आहे असे समजा.

आधी यंत्र समजून घेऊ. सम्राट यंत्र म्हणजे मुळात सावलीचे घड्याळ. मधोमध काटकोन त्रिकोणाच्या आकाराची प्रचंड भिंत, तिला शंकू म्हणतात. तिची तिरकी कड जयपूरच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २७ अंशांनी वर चढते आणि थेट आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखलेली असते. त्यामुळे ती कड पृथ्वीच्या आसाला समांतर होते. भिंतीच्या पूर्वेला आणि पश्चिमेला वर्तुळाचा चौथा भाग असलेल्या दोन कमानी आहेत. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते आणि उतरत येते. दुपारनंतर पूर्वेच्या कमानीवर चढत जाते. कड आसाला समांतर असल्यामुळे सावली कमानीवर सारख्या वेगाने सरकते. म्हणून खुणा सारख्या अंतरावर कोरता येतात.

जयपूरचे मोठे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि कमानींची त्रिज्या सुमारे १५ मीटर. आता हिशेब करा. १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ९४-९५ मीटर. सावली तो २४ तासांच्या हिशेबाने कापते, म्हणजे तासाला जवळजवळ चार मीटर, मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर, सेकंदाला एक मिलिमीटरहून किंचित जास्त. उभे राहून बघितले तर सावली चालताना दिसते. हे दृश्य खरोखर विलक्षण आहे, आणि त्याबद्दलचे कौतुक आम्ही मागे घेत नाही. ती वेळ स्थानिक असते, हेही लक्षात ठेवा. जयपूर आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला आहे, म्हणून सुमारे २७ मिनिटे मिळवावी लागतात, शिवाय सूर्याच्या वर्षभरातल्या मागे-पुढे होण्याची दुरुस्ती करावी लागते. मगच ती हातातल्या घड्याळाशी जुळते.

एवढे मोठे कशाला बांधले? याचे उत्तर बांधणाऱ्याने स्वतः देऊन ठेवले आहे. सवाई जयसिंह (१६८८ ते १७४३) हा आमेरचा राजा, मोगल बादशाही व्यवस्थेतला मोठा सरदार, १७२७ साली जयपूर शहर वसवणारा. त्याने जी कोष्टके सिद्ध करवली त्यांना बादशहा मुहम्मदशहाचे नाव दिले, ‘झीज-इ-मुहम्मदशाही’. तिच्या फार्सी प्रस्तावनेचे इंग्रजी भाषांतर विल्यम हंटर याने १७९९ साली प्रसिद्ध केले. ही प्रस्तावना आमच्या मते त्या शतकातल्या भारतीय विचाराचा एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात ती कुठेच नाही.

तिचा आशय असा. प्रचलित कोष्टकांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आकाशात दिसणाऱ्या स्थानांशी जुळत नाहीत. म्हणून दिल्लीत आधी जुन्या ग्रंथांप्रमाणे पितळी यंत्रे केली. ती समाधानकारक ठरली नाहीत. कारणे काय? यंत्रे लहान, त्यामुळे अंशांचे बारीक भाग पाडता येत नाहीत. आस झिजतात आणि डळमळतात. वर्तुळाचा मध्य सरकतो. यंत्राचे प्रतल हलते. मग राजाने ठरवले की यंत्रे दगड-चुन्याची करायची, मोठी करायची, आणि जमिनीत रुतवून टाकायची.

इथे जरा थांबा. पंचांग आणि आकाश जुळत नाही ही तक्रार नवी नव्हती. जयसिंह एक पाऊल पुढे जातो. माझे वेध चुकत असतील तर ते कोणकोणत्या वाटांनी चुकतात, याची तो यादी करतो. न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाच्या लक्षणात दोन अटी आहेत. ते अव्यभिचारी हवे, म्हणजे वस्तूला सोडून भलतीकडे जाणारे नको. आणि ते व्यवसायात्मक हवे, म्हणजे निश्चित हवे. वात्स्यायनाचे उदाहरण तुम्हाला आठवत असेल: दूरवर काहीतरी दिसते, पण धूर आहे की धूळ हे ठरत नाही. डोळ्याला दिसते आहे, तरी ते अजून ज्ञान नाही. जयसिंहाच्या यादीतले जवळजवळ सगळे दोष पहिल्या अटीचे आहेत. आस झिजला की यंत्र वस्तूला सोडून जाते. यावर दगड हा उत्तम उपाय आहे. दगड हलत नाही.

पण दुसऱ्या अटीचे काय? त्या मुलीचा प्रश्न नेमका तिथे बोट ठेवतो.

सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. भिंतीच्या कडेवरून सूर्याचा एक काठ झाकला जातो तेव्हा दुसरा अजून प्रकाश टाकत असतो. म्हणून सावलीला धूसर किनार येते. सूर्याला स्वतःच्या रुंदीइतके सरकायला सुमारे दोन मिनिटे लागतात, म्हणजे ती किनारही दोन मिनिटांच्या रुंदीची असते. १५ मीटरवर ती साधारण १३-१४ सेंटिमीटर भरते. आता खरी अडचण बघा. यंत्र दुप्पट मोठे केले तर खुणा दुप्पट दूर जातील हे खरे, पण धूसर किनारही दुप्पट होईल. आकार वाढवल्याने आकडे ताणले जातात आणि त्यांच्याबरोबर संदिग्धताही ताणली जाते. कोरीव खूण दोन सेकंदांची आणि किनार दोन मिनिटांची, ही विसंगती आकाराने मिटणारी नाही.

मग जयसिंहाचे ज्योतिषी बावळट होते का? मुळीच नाही. कमानीजवळ बारीक दोरा किंवा काडी शंकूच्या कडेला समांतर धरली आणि तिची बारीक सावली त्या धूसर पट्ट्यात सरकवत नेली, तर ती सावली जिथे मावळते ती जागा बरीच नेमकी सापडते. सराव असलेला माणूस अशा युक्तीने काही सेकंदांपर्यंत पोहोचू शकतो. आम्ही त्या दिवशी एका विद्यार्थ्याच्या शालीचा धागा काढून प्रयत्न केला. आम्हाला अर्ध्या मिनिटापलीकडे जमले नाही. हात नवखे होते.

आणि खरे उत्तर त्याच इमारतीच्या पोटात आहे. मोठ्या सम्राट यंत्राच्या कमानींना आधार देणाऱ्या बुरुजांत अंधाऱ्या खोल्या आहेत. त्यात षष्ठांश यंत्रे आहेत, ६० अंशांच्या कमानी. वर छताशी बारीक छिद्र. मध्यान्ही सूर्य याम्योत्तर वृत्तावर आला की छिद्रातून त्याचे गोल बिंब खाली कमानीवर उतरते. सुमारे साडेआठ मीटर त्रिज्येवर ते बिंब आठेक सेंटिमीटर रुंद पडते. आता धूसर किनारीशी झटापट करायची गरज नाही. बिंबाचा वरचा काठ वाचा, खालचा वाचा, मध्य काढा. सूर्याची रुंदी ही अडचण होती, तीच इथे मोजण्याची सोय झाली. ही कल्पना जयसिंहाची स्वतःची नव्हे. दहाव्या शतकाच्या अखेरीस इराणात रय येथे अल-खुजंदीने असे यंत्र बांधले होते. पंधराव्या शतकात समरकंदला उलुघबेगाने सुमारे ४० मीटर त्रिज्येची कमान उभारली. जयसिंह उलुघबेगाला गुरुस्थानी मानत होता आणि ते लपवत नव्हता.

आम्ही गेलो तेव्हा त्या खोल्या बंद होत्या. गाइडने त्यांचा उल्लेखही केला नाही. बाहेर भव्य, पण संदिग्ध सावली; आत लहान, पण रेखीव बिंब. पर्यटक बाहेरचे बघून जातात. आमचे तीस वर्षांचे अध्यापन याहून वेगळे नव्हते.

आता या वेधशाळेविषयीच्या दोन प्रसिद्ध निकालांकडे वळू.

पहिला निकाल वसाहतकाळातला. जी. आर. के यांनी १९१८ साली या वेधशाळांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. मोजमापांच्या दृष्टीने तो आजही उपयोगी आहे. पण त्याचा एकूण सूर असा की हे सगळे जुन्या परंपरेचे शेवटचे टोक होते, नवे काही निघाले नाही. पुढे हाच सूर लोकप्रिय झाला: न्यूटनचा ग्रंथ १६८७चा, ग्रिनिच वेधशाळा १६७५ची, आणि हा राजा १७२४च्या सुमारास दिल्लीत दगड रचत बसला, त्याला दुर्बिणीचा पत्ता नव्हता.

हे साफ चूक आहे. झीजमध्येच दुर्बिणीचा उल्लेख आहे. शुक्राच्या कला, गुरूचे चार उपग्रह, सूर्यावरचे डाग पाहिल्याचे तिथे सांगितले आहे. दुर्बीण ‘पाहण्यासाठी’ होती. ‘मोजण्यासाठी’ दुर्बीण वापरायची तर तिच्यात बारीक तारांची चौकट बसवावी लागते, आणि ती यंत्राच्या कमानीला जोडावी लागते. जयपुरात झाले नाही ते एवढे. आणि हा वाद युरोपातही सरळ नव्हता. डान्झिगचा हेवेलियस नुसत्या डोळ्यांनी वेध घेण्यावर ठाम होता. रॉबर्ट हुकने त्याची खिल्ली उडवली. १६७९ साली एडमंड हॅली त्याच्याकडे गेला, शेजारी बसून वेध घेतले, आणि म्हातारा चांगले मोजतो हे मान्य करून परतला.

पण, आणि हा पण महत्त्वाचा, डोळ्याला मर्यादा आहे. साधारण एक कलेहून बारीक भेद डोळ्याला कळत नाही. दोन सेकंद म्हणजे अर्धी कला. म्हणजे यंत्रावरची खूण डोळ्याच्या क्षमतेपलीकडची. जयपूरची यंत्रे उभी राहत होती त्याच सुमारास, १७२८ साली, इंग्लंडात ब्रॅडलीला ताऱ्यांच्या जागेत वर्षभरात होणारा विकलांमधला बदल सापडला. मूळ जागेपासून जास्तीत जास्त वीस विकला, म्हणजे कलेचा तिसरा हिस्सा. त्यातून प्रकाशाच्या आणि पृथ्वीच्या गतीचा पुरावा मिळाला. जयपूरच्या दगडावर तो दिसणे शक्य नव्हते. एवढे के यांच्या बाजूचे मान्य करावे लागते.

दुसरा निकाल आपला, अभिमानाचा. ‘दोन सेकंद!’ त्याची परीक्षा वर झालीच. पण आणखी एक अवघड गोष्ट आहे. वेधांत सात वर्षे गेल्यावर जयसिंहाला युरोपातल्या वेधशाळांची वार्ता लागली. त्याने जेझुइट पाद्री मॅन्युएल द फिगरेदो यांच्याबरोबर माणसे गोव्याच्या वाटेने पोर्तुगालला पाठवली. ती ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके घेऊन आली. राजाने ती आकाशाशी ताडून पाहिली. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली, असे प्रस्तावना सांगते, आणि तिचे कारण देते की तिकडची यंत्रे आमच्याइतकी मोठी नाहीत. पुन्हा आकार! आणि विसाव्या शतकात अभ्यासकांनी झीजमधले आकडे तपासले तेव्हा दिसले की त्यांतला मोठा भाग ला हीरच्या कोष्टकांवरूनच, दिल्लीच्या रेखांशासाठी बदलून, घेतलेला आहे. ज्यांना प्रस्तावना दोष देते, त्यांच्याच खांद्यावर ग्रंथ उभा आहे. अभिमानी मंडळींनी हे झाकू नये. आम्हीही इतकी वर्षे हा भाग वर्गात गाळत आलो.

मग उरते काय? आमच्या मते या उपक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट प्रस्तावनेतल्या एका छोट्या विधानात आहे. दिल्लीचे वेध खरे की खोटे हे ताडता यावे म्हणून तशीच यंत्रे जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन इथे उभारली, असे राजा सांगतो. पाच शहरांत पाच वेधशाळा! एकाने घेतलेला वेध दुसऱ्याने दुसरीकडून तपासायचा. वैयक्तिक पाहण्याला सार्वजनिक ज्ञान करायची ही रीत आहे. म्हणजे आपले म्हणणे तपासून घ्यायची व्यवस्था राजाने स्वतःच बांधायला घेतली होती.

त्यासाठी माणसे लागतात. जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट होते, परंपरेप्रमाणे महाराष्ट्रीय घराण्यातले. अरबी शिकून त्यांनी टॉलेमीचा ग्रंथ ‘सिद्धान्तसम्राट’ म्हणून आणि युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणली. त्यांचे ‘रेखागणित’ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापले गेले. त्यांच्याखेरीज मुसलमान ज्योतिषी होते, जेझुइट होते. १७३४ साली चंद्रनगरहून दोन फ्रेंच पाद्री बोलावणे आल्यावरून जयपूरला पोहोचले. एका प्रश्नाभोवती इतक्या भाषांची माणसे जमवणारा दरबार त्या काळात दुर्मीळच.

१७४३ साली राजा गेला. ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या मुलांत गादीचे भांडण लागले. आणि श्रोतेहो, इथे आपण येतो. या भांडणात मराठी फौजा उतरल्या, कधी या बाजूने, कधी त्या. खंडणीची मागणी भागवता येईना, मल्हारराव होळकरांची फौज जवळ आली, तेव्हा १७५० च्या डिसेंबरात ईश्वरीसिंहाने विष घेतले. पुढच्याच महिन्यात जयपूरच्या रस्त्यांवर मराठ्यांची कत्तल झाली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत याला उत्तरेतले राजकारण म्हणतात.

विल्यम हंटर उज्जैनला गेला होता. तिथे त्याला जयसिंहाच्या एका पंडिताचा वंशज भेटला. आजोबांना ज्योतिषरायाचा किताब आणि जहागीर होती. दोन्ही वारशाने नातवाकडे आले होते. पण मराठ्यांच्या स्वाऱ्या आणि वसुलीमुळे जहागिरीचे उत्पन्न जवळजवळ शून्यावर आले होते. त्याच्याकडे युरोपीय ग्रंथांची जयसिंहाने करवलेली संस्कृत भाषांतरे अजून जपलेली होती. हंटर पुढे नोंदवतो की लवकरच हा तरुण वारला, आणि त्याच्याबरोबर ती परंपराही संपली. हा दोन-तीन परिच्छेदांचा मजकूर आम्ही अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी मान खाली जाते.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उज्जैनची पडकी वेधशाळा १९२३ साली दुरुस्त करवली ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी, आणि तिचे पहिले अधीक्षक होते गोविंद सदाशिव आपटे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या मराठी इतिहासग्रंथात जयसिंहाची दखल घेतली होतीच. पण मधल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत जे तुटले ते दुरुस्तीने जोडले जात नाही. चुना नव्याने लावता येतो. दोरा धरणारा सराईत हात नव्याने लावता येत नाही.

आमचा निष्कर्ष एवढाच. जयसिंह उशिरा जन्मला हे त्याचे अपयश नव्हे, आणि दोन सेकंद हे त्याचे यश नव्हे. त्याने विचारलेला प्रश्न खरा होता: माझे पाहणे कुठे चुकते? त्याचे उत्तर अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे पुढच्या पिढीने काढायचे असते, आदल्या पिढीच्या चुका दाखवून. ती पिढी उभी राहू दिली गेली नाही, आणि त्यात आपलाही हात होता. २०१० साली जयपूरचे जंतर मंतर जागतिक वारसा ठरले. पण प्रश्न विचारणारी माणसे जपायची व्यवस्था कुठल्याच यादीत येत नाही. ती दर वर्गात नव्याने करावी लागते.

त्या मुलीला आम्ही त्या दिवशी काय सांगितले, असे विचाराल. “मधली धर,” असे काहीतरी पुटपुटलो आणि पुढे चालू लागलो. ती अजून काही वेळ तिथेच बसून होती. आज भेटली तर सांगू, की कड कोणती हे आम्हाला माहीत नव्हते, आणि ते तेव्हाच सांगायला हवे होते.

आता तुमचे प्रश्न घेऊ. अडचणीचे असतील ते आधी विचारा.